पाठीची रेघ

माझ्या मुलाला माझ्यासमोर वीस मिनिटं बसवायला मला सहा आठवडे लागले. तो परदेशी जायच्या आधी मला त्याचं एक चित्र काढायचं होतं, पेन्सिलने, समोर बसवून. मागणी एवढीच. त्याऐवजी नवा फोन मागितला असता तर त्याने संध्याकाळच्या आत दारात हजर केला असता. वीस मिनिटं मात्र त्याच्याकडे नव्हती.

जायचं नक्की झालं हे त्याने मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी पोळ्या करत होते, तो फ्रिजमधली पाण्याची बाटली घ्यायला आला होता.

"आई, माझं नेदरलँड्सचं फायनल झालं. दोन वर्षं. मे बी तीन."

"कधी?"

"पुढच्या महिन्याच्या एंडला."

मी "बरं झालं" म्हटलं, कारण अशा वेळी तेच म्हणायचं असतं, आणि पोळी उलटवली. जाता जाता तो दारात थांबला. "तू नागपूरला जाशील ना? की इथेच राहायचंय? या फ्लॅटचं ॲग्रीमेंट मार्चपर्यंत आहे." माणूस डायनिंग टेबलाचं काय करायचं ते विचारतो, तसं त्याने विचारलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी दुपारी मी वाढलेलं ताट बाजूला सारलं.

जेवण तसंच झाकून ठेवलं आणि कागद घेऊन बसले. मी तीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली आहे, तेव्हा मन थाऱ्यावर नसलं की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. म्हटलं, मुलाचं चित्र काढू. तो आत दार लावून मीटिंगमध्ये होता, म्हणून आठवणीनेच काढलं. उभा, खांद्याला लॅपटॉपची बॅग. दहा मिनिटांत झालं. स्वच्छ, नीटस, कुठे डाग नाही. आणि तो माझा मुलगा नव्हता. तो माझ्या तीन माणसांपैकी एक होता.

ही तीन माणसं कोण ते सांगायला हवं. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. बाजार, बसस्टॉप, नळावरची गर्दी असा काहीतरी विषय देतात आणि समोर काहीही नसताना मुलांनी आठवणीने चित्र काढायचं. त्यात माणसं हवीतच. आता तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना माणूस कुठला काढता यायला? म्हणून मी तीन माणसं पाठ करून घ्यायचे. एक घागर घेतलेली बाई, एक पिशवी घेतलेला पाठमोरा माणूस आणि एक धावणारं पोरगं. पाठमोरा अशासाठी, की मग चेहरा काढावा लागत नाही. अंड्यासारखं डोकं, साडेसात डोक्यांची उंची, खांदे सरळ, पाठ सरळ. बाजार आला की घागर काढून टोपली द्यायची, बसस्टॉप आला की पर्स. माझ्या हाताखालचं पोरगं कधी नापास झालं नाही आणि याचा मला भारी अभिमान होता. तीस वर्षांत ती तीन माणसं किती कागदांवर उभी राहिली असतील, देव जाणे.

त्यातलाच पाठमोरा माणूस आता लॅपटॉपची बॅग घेऊन माझ्यासमोर उभा होता, आणि मी त्याला माझा मुलगा म्हणत होते.

चौतीस वर्षं ज्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, त्याचा कोणता खांदा खाली आहे? उभा राहतो तेव्हा तो भार कोणत्या पायावर टाकतो? एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. यांना जाऊन चार वर्षं झाली, आणि आता हेसुद्धा मला भिंतीवरच्या फोटोतलेच आठवतात. हसतात, पण हलत नाहीत. हे दुःख कोणाला सांगायची सोय नाही. निदान मुलाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी त्या दुपारी ठरवलं.

त्याला म्हटलं, "मला तुझं चित्र काढायचंय. वीस मिनिटं समोर बस."

"फोटो आहेत की गं ढीगभर."

"फोटो नको."

"ओके. या वीकेंडला नक्की."

त्या वीकेंडला त्याचं काहीतरी रिलीज होतं. पुढच्या वीकेंडला व्हिसाचे कागद. एकदा म्हणाला, "मी झोपलेलो असतो ना, तेव्हा काढ." झोपलेल्या माणसाचं चित्र काढायची मला भीती वाटते. यांना शेवटचं तसंच पाहिलं होतं.

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातला आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे; मी इथे मुलाकडे येऊन दोन वर्षं झाली. मुलगा घरूनच काम करतो, म्हणजे म्हणायला आम्ही दोघं दिवसभर एका छताखाली असतो. दाराच्या आतून त्याचा आवाज येत राहतो. इंग्रजीत बोलतो, मोठ्याने हसतो, कोणाला तरी "डोंट वरी" म्हणतो. बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडचे शब्द संपलेले असतात. "काय करू जेवायला?" "काहीही." यापुढे गाडी जात नाही. खाली बागेत बायका बसतात, त्यांचं कन्नड आणि तेलुगू चालतं. मी जाऊन बसले की त्या माझ्यासाठी हिंदीत दोन वाक्यं बोलतात आणि परत आपल्या भाषेत जातात. त्यांची चूक नाही. नागपुरात मीही तेच केलं असतं.

इंदिरानगरच्या चित्रवर्गाची जाहिरात कोणीतरी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. दर रविवारी सकाळी दहाला, समोर मॉडेल बसवून माणूस काढायचा. मी तीस वर्षं माणसं काढायला शिकवली आणि एकदाही जिवंत माणूस समोर बसवला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तोवर मलाही ते कधी विचित्र वाटलं नव्हतं. मुलगा बसेल तेव्हा हात तयार असावा, एवढाच हिशेब करून मी मेट्रोत बसले.

जुन्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड, तिच्यात दहा-बारा जण. बहुतेक आयटीतले, माझ्या मुलाहून लहान. मॉडेल म्हटल्यावर मी मनाची पुरती तयारी करून गेले होते, पण चौथऱ्यावर आली ती पंचेचाळिशीची, रुंद हाडाची एक बाई. पदर कमरेला घट्ट खोचलेला, साडी गुडघ्याच्या वर घेतलेली. सगळे तिला अक्का म्हणत होते. शिकवणारी मुलगी माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढी, केस बारीक कापलेले, कोपरापर्यंत कोळशाची काजळी. तिने माझ्या पेटीतलं रबर उचललं, "आंटी, ये मैं रखती हूँ," म्हणाली आणि जीन्सच्या खिशात टाकलं. ज्या रबराने मी पोरांच्या पिढ्या पास करवल्या, ते तिने न विचारता नेलं.

आधी एकेक मिनिटाच्या पोझ. फोनवर घंटी वाजली की अक्का अंग बदलणार, आपण कागद बदलायचा. माझं अंड्यासारखं डोकं काढून होईपर्यंत मिनिट संपायचं. पंधरा मिनिटांत माझ्याकडे पंधरा डोकी जमली. शेजारच्यांच्या कागदांवर कोंबडीने नाचून जावं तशा रेघा होत्या. माझ्या वर्गात असते तर एकेकाला बाकावर उभं केलं असतं.

मग वीस मिनिटांची पोझ आली. अक्का स्टुलावर बसली, हात मांडीवर टाकून. आता दाखवते यांना, म्हणत मी काढायला घेतलं. नाक-डोळे जागच्या जागी, साडीच्या निऱ्या एकेक मोजून. शिकवणारी मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"ये कौन है, आंटी?"

"मॉडेल है ना."

"सुंदर है," ती हळू आवाजात म्हणाली. "लेकिन ये तो वहाँ नहीं बैठी है."

मी मान वर केली. स्टुलावर एक दमलेली बाई बसली होती, सगळा भार उजव्या कुल्ल्यावर, पोट सैल सोडलेलं. माझ्या कागदावर पंचविशीतली एक सडपातळ मुलगी ताठ बसली होती. तिच्या कमरेवर घागर तेवढी नव्हती.

मला राग आला. राग मला फार लवकर येतो आणि तो दुसऱ्याचा येत असेल तर बरं वाटतं, पण त्या दिवशी मेट्रोत बसेपर्यंत तो माझ्याकडेच वळला. परत जायचं नाही असं ठरवलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मुलगा रविवारी बारापर्यंत उठत नाही, आणि बारापर्यंत त्या घरात भांडं वाजवायचीही चोरी.

त्या दिवशी माझ्या हातात कोळशाची कांडी मोडली आणि तोंडून "अगं बाई!" निघालं. चहाच्या सुट्टीत अक्का पेला घेऊन सरळ माझ्याकडे आली.

"मराठी काय तुमी?"

मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. ती निपाणीकडची. बावीस वर्षं बेंगळुरूत, मुलींच्या एका पीजीत स्वयंपाक करते आणि रविवारी इथे बसते. मी शाळेत शिकवत होते म्हटल्यावर मला ती बाई म्हणू लागली. दोन वर्षांत मुलाखेरीज समोरासमोर माझ्याशी मराठीत बोललेलं हे पहिलं माणूस.

"बाई, राग येनार न्हाई तर एक सांगू?" ती म्हणाली. "तुमी माझ्याकडं बघतच न्हाईसा. स्वल्प बघतासा, की लगी कागदात. मग तिथनं वर येतच न्हाईसा."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर भिंतीकडे बघत असता."

"अंगाला कळतंय की. कोन बघत असलं तर त्या जागी ऊन पडल्यागत हुतंय. तुमच्या बाजूनं नुसती सावली." चहाचा घोट घेऊन तिने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "आनि ह्यो गुडगा गेलाय माझा. सगळ्यास्नी दिसलाय. त्या चष्म्यावाल्यानं बी काढलाय, जावा बघून या. तुमीच तेवढं मला दोन चांगलं गुडगं दिलंसा."

आणि ती खळखळून हसली. मी चष्मेवाल्याचा कागद पाहायला गेले. प्रमाणाच्या नावाने बोंब, डोकं केवढं आणि पाय केवढे. पण गुडघ्यापाशी त्याची रेघ अडखळली होती, आणि तिथे दुखत असणार हे कोणालाही कळलं असतं.

त्यानंतर मी शिकायला लागले. साठीला आलेल्या बाईने शिकायला लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. शिकवणाऱ्या मुलीने सांगितलेली रीत साधी होती: डोळे माणसावर, पेन्सिल कागदावर, आणि कागदाकडे बघायचंच नाही. डोळा सरकेल तशी पेन्सिल सरकवायची. पहिले काही दिवस माझ्या कागदावर भुतं उमटली, कानात नाक आणि पोटात हात. दुपारी बिल्डिंगखाली जाऊन बसायचे आणि इस्त्रीवाल्याला काढायचे. तो लाजून भांग सारखा करायचा. मग सवय झाली त्याला, मला विसरून गेला, आणि इस्त्री रेटताना त्याचा उजवा खांदा कसा पुढे जातो ते मला दिसलं.

हळूहळू हातात काहीतरी उतरू लागलं. जिथे अंगाचा भार पडलेला असतो तिथे पेन्सिल आपोआप दाबली जायची, जिथे हाड कातडीजवळ येतं तिथे हलकी व्हायची. एकाच रेघेत जाड आणि बारीक, कुठे तुटलेली, कुठे दोनदा फिरलेली. शाळेत असल्या रेघेला मी कच्ची रेघ म्हणायचे आणि दोन मार्क कापायचे. किती पोरांचे कापले असतील? ते सगळे आता आठवत राहतात आणि मला झोप येत नाही, असं काही नाही. पण दुपारी एकटीने चहा पिताना आठवतात.

चौथ्या रविवारी अक्का पाठमोरी बसली. मानेपासून कमरेपर्यंत मी एकदाही खाली न बघता रेघ ओढत आणली. मानेशी जाड, खांद्याच्या हाडावर निसटलेली, आणि खाली मणक्याच्या शेवटाला अशी दाबलेली की कागद फाटायला आला. घंटी वाजल्यावर पाहिलं. डोकं जागेवर नव्हतं, एक हात राहूनच गेला होता. तरी ती अक्का होती. अक्का येऊन वाकून बघत राहिली, मग बोटाने खालची जागा दाखवली. "हितंच दुकतंय बगा. सरी, बरोबर. ही मीच." आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

मला कधी एकदा घरी जाऊन दाखवते असं झालं. दाखवायचं कोणाला, हा प्रश्न मेट्रोत सुचला. मुलगा रविवार असूनही कॉलवर होता. मी दार किलकिलं करून कागद आत धरला. त्याने कानावरचा हेडफोन न काढता अंगठा वर केला. मी दार लावून घेतलं, कागद कपाटात ठेवला आणि भात टाकला.

पाचव्या आठवड्यानंतर मी विचारणं सोडून दिलं. हॉलमध्ये खोकी येऊन पडली होती. मी त्याचे स्वेटर घड्या करून देत होते आणि मनात चरफडत होते. अक्कासारख्या परक्या बाईची पाठ मला आता डोळे मिटून काढता येत होती आणि पोटचा पोरगा हाताला लागत नव्हता. निघायला चार दिवस राहिले.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला त्याच्या खोलीचं दार उघडलं. तो आला, डायनिंगची खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि बसला.

"काढ."

"काय?"

"चित्र. वीस मिनिटं. टाइमर लाव."

मी धावत जाऊन चित्राची फळी आणली. "कसा बसू?" त्याने विचारलं. "जसा बसतोस तसा," मी म्हटलं. तो माझ्याकडे कूस करून, भिंतीकडे तोंड करून बसला. सुरुवातीला अगदी व्हिसाच्या फोटोसारखा. मी घाई केली नाही. अंग फार वेळ खोटं धरून ठेवू शकत नाही हे मला आता कळलं होतं. चार-पाच मिनिटांत त्याचे खांदे सुटले, मान पुढे आली, आणि हात मांडीवर उताणे पडले.

मग मी कागदाकडे बघितलं नाही. कानामागून निघाले. मानेवर एक टेंगूळ होतं, दिवसभर स्क्रीनवर वाकून आलेलं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. डावा खांदा खाली, तो डावाच होता तर. पाठ अशी गोल की जणू कोणीतरी मागून हात ठेवून दाबतंय. पोट थोडं सुटलेलं. डोक्यावर मागे केस विरळ झालेले, इतके की कातडी दिसावी. हा कधी झाला असा? या माणसाला मी रोज दोन वेळा वाढते. रेघ त्याच्या पाठीवरून उतरत होती. तो फार एकटा दिसत होता. माझ्याइतकाच एकटा, एका भिंतीपलीकडे.

"मी एवढा बिझी नव्हतो, आई," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "टाळत होतो."

माझी पेन्सिल थांबली नाही. "काहून?"

"तिसरीत असताना मी बाबांचं चित्र काढलं होतं. स्कूटर पुसताना. आठवतं?"

आठवत होतं की! त्याला आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते चित्र नागपूरला हॉलमध्ये चौकटीत लावलंय, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी ते कौतुकाने दाखवलंय.

"बाबांचे हात मी लांब काढले होते. खूप लांब, स्कूटरच्या पार पलीकडे जाणारे. मला ते तसेच दिसायचे. तू खोडून नीट काढलेस. मग बक्षीस मिळालं. स्टेजवर मला सारखं वाटत होतं, आता कोणीतरी विचारणार, हात कोणी काढले?" तो जरासा हसला. "मला वाटलं, तू आता बसशील आणि मलाही नीट करशील."

पंचवीस वर्षं मी जे बक्षीस समजत होते ते त्याच्यासाठी हे होतं. "आता नाही खोडत रे मी," एवढंच म्हटलं. त्याने मान हलवली नाही, पण त्याची पाठ आणखी थोडी सैल झाली. तेही मी काढलं. पुढची दहा मिनिटं तो बसला होता आणि मी बघत होते. या शहरातल्या दोन वर्षांत इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

टाइमर वाजला. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला आणि फळी मांडीवर घेतली. पाठीच्या रेघेवरून त्याने बोट फिरवलं, कागदाला न लावता.

"हा मीच आहे," तो म्हणाला.

"हो."

"पाठ एवढी वाकलीय माझी?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "मग! लहानपणापासून सांगून राहिली ना मी, सरळ बसत जा म्हणून!"

शब्द बाहेर पडेपर्यंत माझं मलाही कळलं नाही. सहा आठवड्यांत हाताला जे शिकवलं होतं ते जिभेपर्यंत पोचलंच नव्हतं.

तो लगेच सरळ बसला. खांदे मागे, मान ताठ, हात मांडीवर पालथे. चौतीस वर्षांचा माणूस.

"नको, नको," मी घाईने म्हटलं. "तसाच बस रे, मघासारखा."

"मघाशी कसा बसलो होतो?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने कागद जवळ ओढला, त्या रेघेकडे नीट पाहिलं आणि तिच्याबरहुकूम पाठ वाकवायला लागला. डावा खांदा जरा खाली घेतला. मान पुढे काढली. मग कागद आणि मी, असं आळीपाळीने बघत त्याने विचारलं, "असा?"

मला रडू फुटलं. तो घाबरून पुन्हा सरळ बसला.